आरसी बुकावर अजून आजोबाच

प्रश्न : माझ्या आजोबांनी १९६८ मध्ये नाकवाला टाटा-मर्सिडीज ट्रक घेतला होता. सांगलीहून हळद, गूळ घेऊन ते मुंबईला जायचे. ते १९९४ मध्ये वारले. ट्रक थोरले चुलते चालवत होते. १९९७ मध्ये त्यांनी तो परस्पर जतकडच्या एकाला विकला आणि तिथून तो पंढरपूरजवळच्या एका वीटभट्टीवर गेला. गेल्या महिन्यात मी तो २ लाख १० हजारांना विकत घेतला. चौदा वर्षं पासिंग नाही. आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर आहे. सोबत चुलत्यांच्या सहीचे कोरे फॉर्म २९-३० आणि नोटरीचे दोन कागद मिळाले. चुलते आता हयात नाहीत. त्यांची मुलं म्हणतात, ‘गाडी आमच्या वडिलांची, वाटा दे, नाहीतर ट्रक परत कर.’ त्यांना वकिली नोटीस पाठवू का? मिस्त्रीला सात लाखांपैकी तीन लाख दिलेत. नवं टर्बो इंजिन, पॉवर स्टिअरिंग, हौद्यात झोपायची सोय आणि वर पत्रा, असं काम ठरलंय. चैत्रात घरच्या तीस जणांना त्यातून जोतिबाला न्यायचंय. एजंट म्हणतो, पंधरा हजार द्या, आजोबांची सही मी करून घेतो.
— खानापूर तालुक्यातील एक वाचक

उत्तर :

एजंटाचं आधी निपटतो. एकतीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची सही ‘करून घेणं’ म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खालची बनावट कागदपत्रं करणं, आणि तोच कागद आरटीओत खरा म्हणून देणं म्हणजे कलम ३४०. एजंट पंधरा हजार घेऊन मोकळा होईल, अर्जावर नाव तुमचं राहील. त्या माणसाशी पुन्हा बोलूच नका.

चुलत्यांनी सह्या केलेले ते कोरे फॉर्मही फाईलला लावून ठेवा, वापरू नका. फॉर्म २९ हा विकणाऱ्या नोंदणीकृत मालकाचा असतो. तुमचे चुलते आरसीवर कधीच मालक नव्हते. त्यांची सही खरी असली तरी त्या जागी ती चालत नाही. १९९७ मध्ये व्यवहार झाला होता याचा पुरावा म्हणून मात्र ते कागद सोन्यासारखे आहेत. नोटरीच्या कागदांचंही तसंच. आपल्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर शिक्का पडला की गाडी नावावर झाली असं मानायची पद्धत आहे. गाडी नावावर होते ती आरटीओतच.

आता तुमच्या भावकीचा मुद्दा. कायद्याने बघितलं तर चुलतभावांचं म्हणणं टिकत नाही, आणि का टिकत नाही ते समजून घ्या, कारण पुढे त्यांच्यासमोर बसायचंय. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला ट्रक त्यांच्या मृत्यूनंतर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सगळ्या मुलांकडे, आणि आजी तेव्हा हयात असतील तर त्यांच्याकडेही, समान गेला. त्यात तुमच्या आत्याही आल्या. आत्यांचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही. असतील तर त्या, आणि त्या नसतील तर त्यांची मुलं, विसरू नका. म्हणजे १९९७ मध्ये चुलते एकटे मालक नव्हतेच. पण माल-विक्री कायदा, १९३० चं कलम २८ सांगतं की अनेक मालकांपैकी एकाच्या एकट्याच्या ताब्यात वस्तू बाकीच्यांच्या संमतीने असेल, आणि त्याच्याकडून कोणी प्रामाणिकपणे, मालकीतला दोष माहीत नसताना विकत घेतली, तर घेणाऱ्याला मालकी मिळते. ट्रक चुलते चालवत होते आणि कोणी हरकत घेतली नव्हती. जतवाल्याने तेवढ्यावर भरवसा ठेवून घेतला असेल तर मालकी त्याच्याकडे गेली, त्याच्याकडून भट्टीवाल्याकडे आणि तिथून तुमच्याकडे. ‘वडिलांची गाडी परत दे’ म्हणणाऱ्यांच्या वडिलांनीच ती विकलीय. शिवाय जंगम, म्हणजे हलवता येणारी, वस्तू परत मागायला मुदत कायद्यात साधारण तीन वर्षं आहेत. ती केव्हाच उलटली, आणि मुदत कायद्याच्या कलम २७ नुसार मुदतीबरोबर हक्कही संपतो.

एवढं सगळं तुमच्या बाजूने असताना मी नोटीस पाठवू नका म्हणतोय.

कारण मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. कलम २(३०) वाचा. तुमची मालकी माल-विक्री कायद्याने कितीही पक्की असली तरी आरटीओच्या खिडकीवर मालक तुमचे आजोबाच आहेत. ते नाव उतरवायला वारसांच्या सह्या लागतात, आणि वारसांत तेच चुलतभाऊ आहेत. ज्याला कोर्टात हरवता येईल त्याच्याच सहीवाचून तुमचा ट्रक गॅरेजबाहेर निघणार नाही. माझ्याकडे असे भाऊ येतात तेव्हा मी आधी फी घेत नाही, त्यांना घरी पाठवतो.

त्यांनी सही का द्यावी? प्रेमापोटी दिली तर उत्तमच. नाहीतर त्यांना एक निकाल सांगा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात ठरवलं की गाडी पुढे कितीही जणांना विकली गेली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. जत आणि पंढरपूरला या ट्रकने काही केलं असेल, किंवा उद्या तुमच्या हातून काही झालं, तर भरपाईचा दावा आजोबांच्या नावाने येईल आणि वारसांना त्यांच्या वाट्याला आलेल्या मिळकतीपुरतं उत्तर द्यावं लागेल. आजोबांचं नाव त्या पुस्तकातून काढणं ही तुमच्याइतकीच त्यांचीही गरज आहे. हे घरी जाऊन, चहा पिता पिता सांगायचं. रजिस्टर पोस्टाने नाही. पैशांचं बोलणं निघालंच, तर समजुतीची किरकोळ रक्कम द्यायला माझी हरकत नाही, पण पावतीवर ‘वाट्याची किंमत’ असं लिहू नका. तसं लिहिलंत की त्यांचा वाटा होता हे तुम्हीच कबूल केलंत.

कागदांची वाट अशी. आजोबांचा मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि सर्व वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं जोडून मृत मालकाच्या नावावरून हस्तांतरणाचा नमुना ३१ भरायचा. तुमचे वडील हयात असतील तर ते स्वतः वारस आहेत. त्यांच्या नावावर नोंद होऊन मग २९-३० ने तुमच्या नावावर येणं हा सगळ्यात सरळ रस्ता. पण अर्जात १९९७ ची विक्री लपवू नका. ट्रक वडिलांकडेच होता असं भासवलंत आणि उद्या भट्टीवाल्याने काही काढलं, तर स्वच्छ काम डागाळेल. झालं ते क्रमाने लिहा, भट्टीवाल्याचं ‘मी विकला, माझा काही संबंध नाही’ असं प्रतिज्ञापत्र जोडा. त्याच्याकडून ते आताच घ्या. आरसीवर कुणा बँकेचा किंवा फायनान्सवाल्याचा बोजा दिसतो का तेही बघा. १९६८ मधलं कर्ज फिटलं असेल, पण नोंद राहिलेली असते, आणि ती उतरवायला फॉर्म ३५ लागतो. जुन्या मालिकेतला नंबर संगणकावर नसेल तर आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल. आरटीओने नकार दिला तर लेखी आदेश मागा. कलम ५७ प्रमाणे तीस दिवसांत अपील आहे. त्यापुढची पायरी उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसत असल्याने मुंबईच्या फेऱ्या तरी वाचतील.

सगळ्यात मोठा आकडा ट्रकच्या किमतीचा नाही, थकबाकीचा असू शकतो. पासिंग नसलं म्हणून कर थांबत नाही. गाडी वापरात नाही असं आरटीओला आगाऊ कळवलेलं नसेल तर कर साचत राहतो, आणि तो गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात येतो. वर आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनांचा पर्यावरण कर आहे. फिटनेस, म्हणजे पासिंग, संपल्यानंतर दिवसाला पन्नास रुपये जादा आकारण्याचा केंद्राचा नियम डिसेंबर २०१६ चा. वर्षाला १८,२५० रुपये होतात. याच आकारणीवरून २०२४ मध्ये महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले होते, म्हणून तुमच्या ट्रकला नेमकं किती लागतं हे तोंडी ऐकू नका, आरटीओकडून लेखी हिशेब मागा. १५ वर्षांवरच्या जड मालवाहू गाडीची फिटनेस फीच १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाली होती आणि नंतर ती वाढली आहे. हा हिशेब हातात येईपर्यंत मिस्त्रीला चौथा लाख देऊ नका.

आता इंजिन. तुम्ही ‘अपग्रेड’ म्हणता ते कायद्याच्या भाषेत ‘बदल’ आहे. कलम ५२ म्हणतं, उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ फिरवला. परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी कलम १८२अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. टर्बो इंजिन, हौद्यावर पत्रा मारून केलेली झोपायची खोली : हे दोन वेगळे बदल झाले, आणि दोन्ही पासिंगला अडतील. त्याच जातीचं दुसरं इंजिन मात्र बसवता येतं. त्याचं रीतसर बिल घ्या, आरटीओची मंजुरी घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा. पाटे, ब्रेक, वायरिंग, केबिनचा सडलेला पत्रा मूळ मापात बदलणं ही दुरुस्ती आहे. त्यात मन भरून खर्च करा. रंग बदलणार असाल तर त्याची नोंद करा. पॉवर स्टिअरिंगचं आरटीओतल्या निरीक्षकाला काम सुरू होण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

‘व्हिंटेज’ नोंदणीचं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर. पण ते नियम दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकीसाठी आहेत, आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं अशी अट आहे. मालवाहू म्हणून नोंदलेला आणि टर्बो बसवलेला ट्रक त्यात दोन्ही बाजूंनी अडतो.

जोतिबाचं लिहायला जिवावर येतंय. नाकावर तीन टोकांचा तारा असलेला ट्रक (टाटा आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९, म्हणजे तुमच्या १९६८ च्या गाडीवर तो तारा असायलाच हवा, भट्टीवर हरवला असेल तर शोधा), हौद्यात सासनकाठी, मागे सगळं घर. तुमच्या आजोबांनी असंच नेलं असणार. पण मालवाहू गाडीत माणसं वाहून नेणं बेकायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे विम्याचं. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ठरवलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी गाडीत असला तर त्याला संरक्षण आहे, पण सासनकाठीचे तीस मालक दाखवून चालणार नाही. घाटात काही झालं तर तीस जणांची भरपाई तुमच्या शेतजमिनीतून जाईल. काठी ट्रकमध्ये, माणसं एसटीत.

मिस्त्रीशी अजून काहीच लेखी नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. कामाची यादी, टप्प्यांप्रमाणे पैसे, काढलेले भाग परत देण्याची अट, एवढं एका कागदावर त्याच्या सहीने घ्या. केलेल्या कामाचे पैसे थकले तर करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे तो गाडी अडवून ठेवू शकतो, तेव्हा भांडण लागलं तर ट्रक त्याच्या दारात राहील, तुमच्या नाही. काम बिघडवलं तर दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मात्र गाडी भाड्याने लावायचा विचार असेल तर ‘व्यावसायिक हेतू’ म्हणून समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेईल.

काही जण विचारतात, रस्त्यावर नको, शेतातच चालवू. कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणतीही जागा’ असे शब्द आहेत, तेव्हा विनानोंदणी गाडी शेतातही चालवता येत नाही. उभी करून ठेवता येते.

आज एक फोन मात्र करा, मिस्त्रीला. जुनं इंजिन भंगारात घालू नकोस म्हणा, त्यावरचा नंबर आरसीशी जुळवायचा आहे. आणि चेसिस घासायला घेण्याआधी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढा, चांगल्या उजेडात फोटो घ्या. सत्तावन्न वर्षांचा गंज आणि ग्राइंडर यांच्यात तो नंबर घासला गेला तर पासिंगच्या वेळी चोरीच्या गाडीचा संशय येतो आणि पोलीस ती जप्त करू शकतात. मग वारसांच्या सह्या मिळूनही अर्ज अडकेल.