पाचवीचा निकाल लावण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पाचवीतल्या त्या पोराला नापास करू की वर घालू, असं विचारलंस. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हा प्रश्न पडला, बरं झालं. काहींना निवृत्तीपर्यंत पडत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. लोकांनी त्याला ‘ढकलपास’ म्हणून नावं ठेवली. त्याच कायद्यात पोर कुठे अडलंय ते वर्षभर बघत राहायचं, असंही होतं. पण या वर्षभराच्या, म्हणजे आकारिक, मूल्यमापनाच्या नोंदवह्या कित्येक ठिकाणी वर्षाअखेरीस एका बैठकीत भरल्या जायच्या. पुढे २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाला तर पूरक मार्गदर्शन, निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, तीतही राहिला तर तोच वर्ग.

माझ्या मते, मागे ठेवून सहसा काही साधत नाही. जूनमध्ये त्याला तीच पुस्तकं नि बहुधा तोच शिक्षक. वर धाकट्यांच्या रांगेत बसायचं. मुलगी असेल, तर शाळा सोडवायला घरच्यांना आयतं निमित्त. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी वेगळं काय करणार, हे तुला कागदावर लिहिता आलं तरच ठेव.

आधी त्याचं हजेरीपत्रक बघ. तुमच्या बीडकडे दिवाळीच्या सुमारास वस्त्याच्या वस्त्या ऊसतोडीला निघतात आणि परततात ते परीक्षेच्या तोंडावर. भागाकार वर्गात झाला तेव्हा पोर फडावर होतं. मग नापास नेमकं कोण झालं? हंगामी वसतिगृहाचं किंवा आजीकडे ठेवण्याचं बोलणं दसऱ्याआधीच करावं लागतं. ट्रॅक्टर दारात उभा राहिल्यावर कुणी ऐकत नाही.

दुसरी गोम अशी, की पुनर्परीक्षेआधीचे दिवस उन्हाळी सुट्टीतच जातात. पूरक मार्गदर्शन मग कागदावर उरतं. तू सकाळी ऊन चढायच्या आत त्याला दीड तास बसव. पाचवीचं पुस्तक उघडू नकोस. दुसरीचा उतारा वाचायला दे, हातच्याची वजाबाकी घालून बघ. जिथे अडेल तिथून सुरुवात कर. सगळं होणार नाही, पण वाचायला लागलं तर सहावीत तग धरेल. सहावीच्या बाईंना मात्र तोंडी नव्हे, लेखी कळव, त्याला काय येतं आणि काय राहिलंय ते.

फडावर किती महिने होता, तेवढं मला उलटटपाली सांग.

तुझा,
गुरुजी