बागेतला उतार आणि लाकडी भिंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चिपळूणजवळ घरामागे उतार आहे. माती अडवायला तीन फुटी लाकडी भिंत घालायची आहे. खांब आणि फळ्या बऱ्या, की एकावर एक रचलेले ओंडके?

उत्तर : खांब आणि फळ्या. रचलेले ओंडके फूट-दीड फुटाच्या वाफ्याला शोभतात, त्यापुढे ते सांध्यांतून सरकू लागतात. खांब जेवढा वर तेवढाच जमिनीत हवा, म्हणजे सहा फुटी खांब घ्या आणि दोन खांबांत चार फुटांहून जास्त अंतर ठेवू नका. खांब मातीच्या अंगाला फुटामागे इंचभर कलते रोवा. फळ्या मात्र खांबांच्या मागून, मातीच्या बाजूनेच लावून घ्या. दिसायला बरं म्हणून त्या पुढून ठोकल्या तर सगळा भार खिळ्यांवर येतो. मागून लावल्या की मातीच त्यांना खांबांवर दाबून धरते. लाकूड सागाच्या किंवा खैराच्या गाभ्याचं घ्या. बाहेरचा पांढरट भाग वाळवी आधी गाठते.

प्रश्न : सावंतवाडीत दोन पावसाळ्यांपूर्वी घातलेली आमची भिंत मधोमध फुगली आहे. फळ्या पातळ पडल्या का?

उत्तर : मला संशय पाण्याचा आहे. अशीच एक भिंत मी उकलून पाहिली होती. फळ्यांमागे तांबडी चिकणमाती ठासून भरलेली, पाऊस जाऊन महिना झाला तरी हाताला चिकटत होती. खांबाला जमिनीलगत स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो बोटभर आत गेला. कोकणात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तो मागे अडला की मातीच्या रेट्यात पाण्याचा रेटा मिळतो, आणि लाकूडही कुजत राहतं. जाड फळ्या घालून हे थांबणार नाही. मागची माती फूटभर रुंद काढा, तिथे खडी भरा. तळाशी छिद्रांचा पाइप टाकून त्याचं तोंड उताराखाली मोकळं सोडा. खडी आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) घाला, नाहीतर दोन वर्षांत खडी गाळाने बुजेल. छपराच्या पागोळ्यांचं पाणी भिंतीमागे येत असेल तर आधी त्याला चर काढून वाट द्या. ही कामं मे महिन्यापूर्वी उरका.

प्रश्न : रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्तात मिळताहेत. घ्यावेत का?

उत्तर : टिकतात खरे, पण त्यांत सहसा क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरायचं डांबरी तेल, मुरवलेलं असतं. उन्हात ते पाझरतं, कातडीला झोंबतं. भाजीच्या वाफ्याजवळ किंवा मुलं खेळतात तिथे नकोतच. कापलेले तुकडे चुलीत घालू नका.

प्रश्न : पाचगणीला सात फुटांचा उतार एकाच लाकडी भिंतीत अडवता येईल?

उत्तर : नको. उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. तीन टप्पे करा, दोन भिंतींत खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. तेवढी जागा नसेल तर लाकडाचा हट्ट सोडून स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलवा.