सरांची केबिन असली तरी कायदा लागू होतोच

खासगी ऑफिसात सर स्वतःच्या केबिनमध्ये सिगारेट ओढतात, तर बंदीचा कायदा तिथे लागू होतो का आणि तक्रार कुठे करायची, असं तुम्ही विचारलंय. लागू होतो. कोटपा म्हणजे सिगारेट-तंबाखूवरचा कायदा २००३ चा, पण त्याखालचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून आले आणि त्यांत कामाची ठिकाणं स्पष्ट घातली गेली. ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवायची मुभा फक्त विमानतळ, किमान ३० खोल्यांची हॉटेलं आणि किमान ३० जणांची बसायची सोय असलेली रेस्टॉरंट यांना. ऑफिसला ती नाही, मग केबिन कुणाचीही असो.

हे मला २०११ मध्ये शोधून काढावं लागलं. सोलापुरात एका सीएंच्या ऑफिसात मी अकाउंट्स बघायची. दोन खोल्या, अकरा माणसं. सरांची केबिन म्हणजे प्लायवूडचं सात फुटी पार्टिशन, वर छतापर्यंत सगळं मोकळं. एसी बसवल्यावर खिडक्या कायमच्या बंद झाल्या. सप्टेंबरात ऑडिटच्या घाईत सर एकामागून एक पेटवायचे. धूर पार्टिशनवरून निवांत अलीकडे उतरायचा आणि ट्यूबलाइटखाली त्याचा निळसर थर दिसायचा. माझं टेबल बरोबर त्या खाली. मला सहावा महिना होता. सहीला आत गेलेली फाइल परत आली की तिलाही वास. एकदा तर ट्रायल बॅलन्सवर राखेनं पडलेलं भोक होतं, ते पान मी पुन्हा प्रिंट केलं.

घरी सांगितलं तर मोठे भाऊजी म्हणाले, "ते कायदे सरकारी ऑफिसला. त्यांची केबिन म्हणजे त्यांचं घर. तुला त्रास होतो तर नोकरी सोड." हे वाक्य मला अजून टोचतं.

मी नियमांची प्रिंट काढली आणि सहीच्या फाइलीत सगळ्यात वर ठेवली. सरांनी वाचली. दोन दिवस ॲशट्रे दिसला नाही, तिसऱ्या दिवशी परत टेबलावर. वास्तविक त्याच नियमांप्रमाणे ॲशट्रे, काडेपेटी, लायटर काहीच ठेवता येत नाही. मग मी बोर्डाचं काढलं. धूम्रपानबंदीचा ६० बाय ३० सेंटिमीटरचा बोर्ड दाराशी लावावा लागतो आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव त्यावर लिहावं लागतं. सर म्हणाले, "लावा, पण नाव तुमचं घाला." मी घातलं.

महिन्याभरात चादरीच्या कारखान्याचे एक जुने क्लायंट आले. बायपास झालेले. केबिनमधून खोकत बाहेर आले, बोर्ड वाचला आणि माझं नाव घेऊन मोठ्यानं विचारलं, "या बाई कोण?" मी उभी राहिले. ते म्हणाले, "माझी तक्रार लिहून घ्या." अकरा जणांसमोर, सर दारात उभे. मी डायरीत तारीख टाकून लिहून घेतली. त्या दिवसापासून सर ओढायला गच्चीवर जायला लागले.

तुमचा दुसरा प्रश्न अवघड आहे. खासगी ऑफिसात दंड घ्यायचा अधिकार नियमांनी त्याच ऑफिसच्या प्रमुखाला किंवा एचआर, ॲडमिनच्या प्रमुखाला दिलाय. तुमचे सरच प्रमुख असतील तर त्यांनी स्वतःचीच पावती फाडायची! कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक माझ्या मते हेच. दंडही फार तर २०० रुपये. पण तक्रार येऊनही प्रमुखानं काही केलं नाही, तर जितके जण ओढताना सापडतील तितक्या गुन्ह्यांचा दंड त्याच्यावर बसतो. म्हणून तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोच घ्या.

खिडकी उघडा, पंखा लावा, टेबल हलवा असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. धूर खोलीभर फिरतो, टेबल हलवून काही होत नाही.

भाऊजींचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं २ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला, त्यात सभागृहं, दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, कोर्टं, सरकारी ऑफिसं, रेल्वेसकट सार्वजनिक वाहनं एवढंच होतं. म्हणजे ते दहा वर्षांपूर्वीचं सांगत होते. पण नोकरी सोड हे मात्र साफ चूक. ओढणारा तो आणि घरी बसायचं मी?

हो, एक सांगायला हवं. त्या वर्षी पगारवाढीत माझ्या वाट्याला सगळ्यांहून कमी आलं आणि बाळंतपणाच्या रजेनंतर मी तिथे परतले नाही. भाऊजी आजही म्हणतात, "शेवटी सोडलीसच ना?" सोडली, पण धुरामुळे नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं. केबिनमध्ये ॲशट्रे नव्हता. हे भाऊजींना मी दोनदा सांगितलंय.

घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल तर तक्रारीवर पहिली सही एकट्यानं करू नका, दोघं-तिघं मिळून द्या. बोर्ड कुठलाही फ्लेक्सवाला तासाभरात करून देतो. त्यावर नाव मात्र सरांचंच घालायला लावा.