साताऱ्यात मुलीला घरीच शिकवतोय, आता १३ पूर्ण, दहावीसाठी अभ्यासक्रम कुठला घ्यावा आणि वर्ष कसं आखावं?

एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, त्याचा अभ्यासक्रम घ्या, मराठी माध्यम पण मिळतं. आमच्या मोठ्याने त्यातूनच दहावी केली म्हणून सांगतोय, किमान ५ विषय लागतात, त्यात एक भाषा हवीच, आणि सगळे एकदम द्यायची सक्ती नाही, ५ वर्षांत ९ संधी असतात त्यामुळे पोरांवर ताण येत नाही. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी दोनदा, म्हणून वर्षाचे दोन भाग करा, पहिल्यात भाषा आणि एखादा सोपा विषय, गणित-विज्ञान दुसऱ्यात, कारण त्यांना खरंच वेळ लागतो. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचा स्वाध्याय मात्र विसरू नका, २० टक्के गुण त्याचे. फक्त दहावीच्या प्रवेशाला १४ पूर्ण लागतात, तोवर बालभारतीची आठवी-नववीची पुस्तकं वापरा, पीडीएफ फुकट आहेत.