कर्जात बुडालेल्यांची वकिली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेत पगारदार, दुकानदार, निवृत्त अशा सामान्य माणसांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणं ही वकिलीची स्वतंत्र शाखा आहे. या कामाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे वकील कोर्टात युक्तिवाद करतात की फक्त अर्ज भरतात? (नाशिक)

युक्तिवाद थोडा आणि कागद फार. पण त्या कागदांना ‘फक्त अर्ज’ समजू नका, कारण प्रकरणाचा निकाल बहुतेक वेळा अर्ज दाखल होण्याआधीच ठरलेला असतो.

अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातले मुख्य मार्ग दोन, त्यातल्या प्रकरणांच्या क्रमांकांनी ओळखले जाणारे. चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टी (प्रकरणासाठी नेमलेला विश्वस्त) कर्जदाराची कायद्याच्या संरक्षणाबाहेरची मालमत्ता विकून धनकोंना वाटतो आणि उरलेली बरीचशी देणी माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता हातात ठेवून ३ ते ५ वर्षं हप्ते भरायचे असतात. २००५ च्या कायद्याने चॅप्टर ७ साठी उत्पन्नाची चाळणी लावली. त्यामुळे आधीच्या सहा महिन्यांचं उत्पन्न महिनावार मांडून राज्यातल्या मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहावं लागतं.

वकिलाला ६० दिवसांच्या पगारपावत्या, करविवरणपत्रं, बँकेचे खातेउतारे आणि देण्यांची पूर्ण यादी लागते. दाखल करण्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज-समुपदेशन घेतल्याचं प्रमाणपत्रही हवं. ते अर्जानंतर घेतलं, तर बहुतेक वेळा प्रकरण फेटाळलं जातं. अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळते आणि पगारातली कपात, घराचा लिलाव थांबतो. मात्र गेल्या वर्षभरात अशिलाचं एक प्रकरण फेटाळलं गेलं असेल, तर ही स्थगिती ३० दिवसांतच संपते. ती वाढवून हवी असेल, तर त्या ३० दिवसांतच अर्ज करून सुनावणीही उरकावी लागते. दोन प्रकरणं फेटाळली गेली असतील, तर आपोआप काहीच मिळत नाही. म्हणून ‘याआधी कधी अर्ज केला होता का?’ हे पहिल्याच भेटीत विचारा आणि कोर्टाच्या नोंदींत स्वतः तपासा. लिलाव परवावर आला असताना ही गोष्ट कळली, तर हातात काही उरत नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत या शाखेत नवीन आहे. मराठी अशील म्हणतात, ‘गावची जमीन कशाला दाखवायची? ती तर भारतात आहे.’ काय सांगावं? (एडिसन)

दाखवायचीच, असं स्पष्ट सांगा. कायद्याच्या दृष्टीने कर्जदाराची मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती प्रकरणाचा भाग असते. सातबाऱ्यावर पाच चुलतभावांबरोबर नाव असेल, तर तो अविभक्त हिस्साही यादीत जातो. ठाण्याचा फ्लॅट, वडिलांबरोबरचं संयुक्त खातं, पीपीएफ, एलआयसी पॉलिसीची सरेंडर किंमत, लॉकरमधलं सोनं, सगळंच जातं. जाणूनबुजून लपवलं, तर कर्जमाफी नाकारली जाते, मिळालेली रद्दही होते. शपथेवर खोटं सांगणं हा फौजदारी गुन्हा असून शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे.

दाखवलं म्हणजे गेलंच असं नाही, हेही अशिलाला तितक्याच स्पष्टपणे सांगा. लपवण्यामागे बहुधा भीतीच असते. न्यू जर्सीत संघराज्याची सवलतयादी, म्हणजे कर्जदाराला स्वतःकडे ठेवता येणाऱ्या मालमत्तेची यादी, निवडता येते. १ एप्रिल २०२५ पासून त्यात दागिन्यांना २,१२५ डॉलर आणि कोणत्याही मालमत्तेला लावता येणारी १,६७५ डॉलरची सूट आहे. घरासाठीची सवलत वापरली नसेल, तर आणखी १५,८०० डॉलरपर्यंत मिळतात. वाटप न झालेला, सहहिस्सेदारांचा, कुळाचा वाद असलेला हिस्सा विकायला ट्रस्टीलाही अवघड जातो. पण हे त्याला पटायला मूल्यांकन नीट हवं. रेडी रेकनरचा दर, हिश्श्याचं प्रमाण, बोजा आणि सुरू असलेले दावे एका पानावर मांडून सोबत फेरफार उतारा जोडा.

खरी गडबड होते ती अशील वकिलाकडे येण्यापूर्वीच. कुणीतरी सल्ला देतं आणि तो भावाच्या नावे हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करून मोकळा होतो. संघराज्याच्या कायद्याने मागच्या २ वर्षांतले असे व्यवहार उलटवता येतात आणि राज्यांच्या कायद्यांत ही मुदत सहसा याहून मोठी असते. भावाकडून घेतलेले हातउसने परत केले असतील, तर इतर धनकोंसाठी मागचे ९० दिवस तपासतात, नातेवाइकांसाठी पूर्ण वर्ष. ट्रस्टी ते पैसे भावाकडून परत मागू शकतो. असा व्यवहार झाला असेल, तर तो लिहून दाखवा आणि मुदत ओलांडेपर्यंत थांबणं परवडतं का ते बघा.

आणखी एक नाजूक प्रश्न : आईवडिलांची तब्येत कशी आहे? अर्जानंतर १८० दिवसांत वारसाहक्क निर्माण झाला, तर तोही प्रकरणात येतो. प्रश्न हळुवारपणे विचारा, पण टाळू नका.

प्रश्न : ज्याच्याकडे पैसेच नाहीत, तो वकिलाची फी कशी देणार? (पुणे)

चॅप्टर ७ मध्ये फी आधीच घ्यावी लागते. अर्जाच्या दिवशी जी फी थकलेली असेल तीही एक देणंच ठरते आणि इतर देण्यांबरोबर माफ होते. ट्रस्टीच्या ताब्यातल्या मालमत्तेतूनही ती मिळत नाही. हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये लेमी प्रकरणात ठरवून टाकलं. कोर्टाचं शुल्क ३३८ डॉलर असून ते चार हप्त्यांत देता येतं. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांखाली असेल, तर माफीही मागता येते. क्रेडिट कार्डावर काढून फी द्या, असं मात्र सुचवू नका. अशिलाला नवं कर्ज काढायला सांगण्यास वकिलाला कायद्याने मनाई आहे.

चॅप्टर १३ ची फी हप्त्यांतून वसूल होते. म्हणून काही कार्यालयं चॅप्टर ७ ला पात्र असलेल्या माणसालाही चॅप्टर १३ मध्ये ढकलतात. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. चॅप्टर १३ च्या योजना मोठ्या संख्येने अर्ध्यावर मोडतात, कारण खर्चाचं अंदाजपत्रक कागदावर बसवण्यासाठी गाडीची दुरुस्ती, दाताचा दवाखाना, मुलांचे शाळेचे खर्च कापलेले असतात. योजना मोडली की कर्जमाफी मिळत नाही आणि थांबलेली वसुली पुन्हा सुरू होते.

प्रश्न : भारतातल्या एलएलबीवर तिथे ही वकिली करता येते का? (नागपूर)

राज्यागणिक नियम वेगळे आहेत. भारतात सनद असलेल्या वकिलाला कॅलिफोर्नियाच्या बार परीक्षेला बसता येतं. न्यूयॉर्क पदवीचा कालावधी आणि अभ्यासक्रम तपासतं, काही उणं आढळलं तर एलएलएम लागतं. एलएलएमची फी भरण्याआधी हे मूल्यमापन करून घ्या. राज्याची सनद मिळाल्यावर त्या भागातल्या संघराज्य न्यायालयात वेगळी नोंदणी करावी लागते, कारण दिवाळखोरी कोर्टं संघराज्याची आहेत. ही कार्यालयं बहुधा एक-दोन वकिलांची असतात, तेव्हा व्हिसाच्या प्रायोजकत्वावर सगळी गणितं मांडू नका.

प्रश्न : हेच काम मुंबईत करता येईल का? (डोंबिवली)

याच स्वरूपात अजून नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. ती प्रकरणं राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालतात. बाकीच्या व्यक्तींना मुंबई शहरात १९०९ चा आणि जिल्ह्यांत १९२० चा जुना दिवाळखोरी कायदा लागू आहे. दोन्हींत कर्जदाराच्या अर्जासाठी किमान कर्जाची रक्कम आजही ५०० रुपये लिहिलेली आहे. सध्या या क्षेत्रात शिकायचं असेल, तर हमीदारांची प्रकरणं, कर्जवसुली न्यायाधिकरण आणि बँकांशी तडजोड करणाऱ्या वकिलाकडे उमेदवारी करा. खातेउतारे वाचायची आणि अशिलाकडून पूर्ण माहिती काढून घ्यायची सवय तिथेच लागते.