ढालीवर सिंहच कशाला?

प्रश्न: मुलगा लंडनला असतो, मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. तिथे एका टुरिस्ट दुकानात आडनाव सांगितलं की त्या घराण्याचा कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह, छापून देतात, आमचं मराठी आडनाव सांगितलं तर त्याचाही निघाला! ढाल आणि दोन सिंह. हौसेने फ्रेम करून आणला तर बायको म्हणते फसलात. खरंच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: वहिनी बरोबर बोलतायत हो. इंग्लंडमध्ये आडनावाचा कोट ऑफ आर्म्स असा प्रकारच नाही, तो एका माणसाला मिळतो आणि मग त्याच्या वंशजांना, आणि देतं कोण तर लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, रीतसर अर्ज करून, फी भरून.

आणि खऱ्या ढालींवर सिंहापेक्षा मजेशीर गोष्टी असतात. प्रिन्स विल्यमची बायको केट मिडलटन, तिच्या वडिलांनी तिच्या लग्नाच्या तोंडावर, २०११ मध्ये घेतला त्यात ओकची तीन फळं आहेत, तीन मुलांची तीन, कारण त्यांच्या बर्कशायरकडे ओक भरपूर. मधला सोनेरी पट्टा आईचा, तिचं माहेरचं आडनाव गोल्डस्मिथ, म्हणजे आपलं सोनार! कोटावरची कोटीच ही. शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६ मध्ये मिळाला त्यातही हेच, आडनावात 'स्पिअर' म्हणून ढालीवर चक्क भाला, हातमोजे शिवायचा धंदा होता त्याचं नाव नाही.

मला आवडतो तो मात्र मुंबईचा, सर जमशेटजी जीजीभॉय यांचा, ते १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा ब्रिटिश किताब मिळाला. आपल्या घाटाच्या डोंगरामागून उगवता सूर्य, वर दोन मधमाश्या, ढालीच्या डोक्यावर मोर. ब्रीद काय तर कष्ट आणि दानत. लहानपणी पोरका झालेला, रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात राबलेला माणूस, त्याला मधमाशी शोभतेच, पण पुढे बराच पैसा चीनच्या अफूच्या व्यापारातून आला आणि अफूचं बोंड मात्र ढालीवर कुठे दिसत नाही!

तुमची फ्रेम टाकू नका, फक्त सिंह काढून घरचं काहीतरी घाला. नाशिकचे आहात, द्राक्षाचा घड आहेच. आणि वहिनींच्या माहेरच्या आडनावावर एखादी कोटी जमते का बघा, म्हणजे निदान फ्रेम हॉलमध्ये लावायची परवानगी तरी मिळेल.