तुमचा प्रश्न, ताईंचं उत्तर : पेशंटची ओव्हर झाली, सिस्टरची राहिली

प्रश्न : ताई, मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, वय 34, कंत्राटी. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये कोविड वॉर्डात होते. किट घातलं की सहा-सात तास पाणी नाही बाथरूम नाही, ते सगळं विसरले पण एक गोष्ट सुटत नाही. तासगावकडचे एक आजोबा होते बायपॅपवर (मास्कातून श्वास देणारं मशीन), रोज संध्याकाळी मीच त्यांना नातीचा व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. त्या दिवशी ऑक्सिजन सॅच्युरेशन साठच्या खाली, मी नातीला म्हटलं आजोबा झोपलेत, उद्या लावते. पहाटे गेले. त्यांचा फोन मीच पिशवीत घालून सील केला आणि तो पिशवीतच वाजत होता. अजून कुणाचा फोन नुसता वाजत राहिला की माझे हात गार पडतात. आता परत आयसीयू लागलंय, नाईटच्या आधी उलट्या होतात. मिस्टर म्हणतात कोविड जाऊन किती वर्षं झाली, तुझंच काय अजून? सासूबाईंनी नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलं. डॉक्टरला दाखवलं आणि ऑफिसात कळलं तर कंत्राट रिन्यू होईल का? मी वेडी होतेय का?
– एक सिस्टर, मिरज

उत्तर : अगं नाही, वेडीबिडी काही होत नाहीयेस. त्या पिशवीतल्या फोनपाशी मीपण थांबले, हातातला चहा गार झाला.

आपल्या नर्सेसमध्ये ड्युटी संपली की ओव्हर देतो ना, चार नंबरला सलाईन चालू, सहा नंबरला रात्री ताप होता, सगळं पुढच्या सिस्टरच्या ताब्यात देऊन मग घरी. त्या दिवसांत पेशंटची ओव्हर व्हायची, तीपण मास्कातून ओरडून, पण तुझी कोणी घेतली का? वॉर्डबॉय मामांनी बॉडी नेली की थोड्या वेळात त्याच बेडवर नवीन पेशंट, मग रडायचं कधी. 2020 हे डब्ल्यूएचओनं नर्सेसचं वर्ष जाहीर केलेलं, नाइटिंगेलबाईंच्या जन्माला 200 वर्षं झाली म्हणून, आणि नेमकं तेच साल असं निघालं. 22 मार्चला थाळ्या वाजल्या, त्याच आठवड्यात आपल्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरचे कोरोना पेशंट निघाले आणि मग थाळ्या वाजवणारेच सिस्टर जिन्यात दिसली की दार लावून घ्यायला लागले. योद्धा म्हणून शाल दिली की झालं यांचं. खरं तर प्रत्येक मृत्यूनंतर दहा मिनिटं खुर्ची, एक कप चहा आणि सलग नाईट न लावणारी ड्युटी लिस्ट, एवढं मिळालं असतं तरी बऱ्याच पोरी बऱ्या राहिल्या असत्या.

तुझं काही चुकलं नाही असं मी म्हणणार नाही, ते घरच्यांनी शंभरदा सांगितलं असेल आणि उपयोग झाला नसेल. निर्णय तू घेतलास. दोन वाईटातलं एक निवडायचं होतं, धापा टाकणारे आजोबा त्या पोरीला दाखवायचे का नाही, आणि ते ठरवायला शेजारी कोणी मोठं नव्हतं. हेच नीट बोलायची गरज आहे, आणि त्याची ट्रीटमेंट असते. असा त्रास महिन्याच्या वर राहिला तर दाखवायचं असतं, तुझी तर वर्षं झाली. डॉक्टर त्या घटनेवर हळूहळू बोलतं करतील, गरज वाटली तर गोळ्या देतील. डिप्रेशनच्या साध्या गोळ्यांची चटक लागत नाही पण गुण यायला काही आठवडे जातात, तेव्हा आठ दिवसांत सोडू नको. मात्र झोप येत नाही म्हणून वॉर्डातली अल्प्राझोलाम स्वतःच्या मनानं घेऊ नको, त्याचीच सवय लागते (आपल्या लाईनीत हे किती चालतं ते तुला-मला माहितीये).

ऑफिसचं म्हणशील तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्यातूनही भीती वाटली तर आधी 14416 ला फोन लाव, सरकारी टेलीमानस, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. इन्चार्ज सिस्टरना सगळी कहाणी सांगायची गरज नाही, तब्येतीचं कारण देऊन दोन महिने आयसीयूऐवजी दुसरा वॉर्ड माग. नाही म्हणाल्या तर लेखी अर्ज दे.

मिस्टरांना एकदा डॉक्टरकडे सोबत ने, तुझ्याकडून ऐकण्यापेक्षा तिथं ऐकतील. आणि वाडीला जाऊन आलीस ते चांगलंच केलंस, बासुंदी खाल्ली असशीलच, पण सासूबाईंना सांग की दत्ताला जायचं आणि डॉक्टरलाही जायचं.

त्या नाईटला तुझ्याबरोबर अजून कोण होतं ते तू लिहिलं नाहीस. तिला एकदा भेट, तिच्याही डोक्यात एखादी पिशवी असेल. आणि डॉक्टरसमोर बसल्यावर तोंडातून शब्द फुटला नाही तर हे पान फाडून ने आणि त्यांच्या टेबलावर ठेव.